न फाडलेली पानं

ऑफिसच्या ॲन्युअल पार्टीची मेल आली आणि सगळ्या फ्लोअरवर एकच विषय. थीम होती 'ग्रेट गॅट्सबी'. 'म्हणजे नक्की घालायचं काय?' असं कुणीतरी विचारलं, तर एचआरच्या मुलीनं एका दमात सांगून टाकलं, 'काळं, सोनेरी, डोक्याला पीस आणि गळ्यात मोत्यांच्या लांब माळा. तो डिकॅप्रिओचा 2013 चा पिक्चर नाही का? ज्यात आपले बच्चनसाहेब पण थोडा वेळ आहेत, तो.' झालं, शंका फिटली. मी तुळशीबागेतून दीडशे रुपयांत तीन पदरी मोत्यांची माळ आणली. आमच्या टीम लीडनं भाड्यानं सूट आणला आणि पार्टीभर सोफ्यावर टेकायला तयार होईना, कारण डाग पडला तर डिपॉझिट जाणार.

हॉलच्या एका कोपऱ्यात फोटोसाठी सजावट केलेली. मागे भलं मोठं फ्लेक्स आणि त्यावर छापलेली जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची कपाटं. त्यापुढे उभं राहून, हातात रिकामे ग्लास धरून, आम्ही सगळ्यांनी फोटो काढले. छान आले. माझ्या फोटोला मिळाले तेवढे लाइक्स माझ्या प्रमोशनलासुद्धा मिळाले नव्हते.

पुढच्या शनिवारी मी घरी नगरला निघाले होते. (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर. आमच्या आईच्या तोंडी अजून नगरच.) वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये बस तासभर जागची हलेना, म्हणून थीमच्या निमित्तानं विकत घेतलेली ती कादंबरी काढली. कॉलेजात असताना नोट्स वाचून 'वाचलंय' असं सांगत आले होते. तुम्हीही त्यातले असाल तर लाजू नका, आपण बरेच जण आहोत.

एफ. स्कॉट फिट्झजेराल्डची ही कादंबरी 1925 ची. गोष्ट ढोबळमानानं तुम्हाला माहीत असेल. न्यूयॉर्कजवळ खाडीच्या काठावर गॅट्सबी नावाच्या माणसाचा महाल. उन्हाळाभर तिथे पार्ट्या. येणाऱ्यातल्या निम्म्यांना बोलावणंच नसतं, आणि यजमान कोण, कुठला, पैसा कशाचा, हे कुणालाच धड ठाऊक नसतं. खरं तर तो गरीब शेतकऱ्याचा मुलगा. सतराव्या वर्षी स्वतःचं नावच बदलून टाकलेलं. पैसा चोरट्या दारूधंद्यातला. आणि हा सगळा खटाटोप डेझी नावाच्या एका मुलीसाठी, जिचं लग्न कधीच एका खानदानी श्रीमंताशी झालंय. तिच्या घराच्या धक्क्यावर रात्री एक हिरवा दिवा लागतो. तो दिसावा म्हणून यानं खाडीच्या बरोबर समोरचं घर घेतलेलं.

दिव्यावर लोकांनी इतकं लिहिलंय की मी लिहीत नाही. मी अडकले ते दुसऱ्याच एका जागी. पार्टीतला एक जाड भिंगांचा चष्मा लावलेला, बऱ्यापैकी प्यालेला पाहुणा गॅट्सबीच्या लायब्ररीत बसलेला असतो. त्याला वाटलेलं, पुस्तकं खोटी असणार, पुठ्ठ्याची. एक काढून बघतो तर खरं! दुसरं, तेही खरं. मात्र एकाचीही पानं फाडलेली नाहीत. त्या काळात बऱ्याच पुस्तकांची पानं कडेला जोडलेलीच यायची, वाचणारा सुरीनं एकेक मोकळं करत जायचा. म्हणजे पुस्तक अस्सल, पैसे मोजून आणलेलं, आणि आजवर कुणी न वाचलेलं. तो पाहुणा चिडत नाही. उलट खूशच होतो. काय कारागिरी, म्हणतो. कुठे थांबायचं ते या माणसाला बरोबर कळलंय!

आमच्या फ्लेक्सपेक्षा गॅट्सबी बराच प्रामाणिक होता, असं मला वाटलं. आणि मग मला दादाचा बंगला आठवला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. राहाता तालुक्यात आमचं मूळ गाव. आजोबा गावातल्या वाड्यावर सालगडी होते. वर्षाला ठरलेली ज्वारी, एक धोतरजोडी, आणि वाड्याच्या जोत्याखाली बसून चहा. जोत्यावर चढायचं नाही, असं कुणी कधी बोलून दाखवलं नसेल, पण आजोबा कधी चढलेही नाहीत. पुढे तात्यांनी, म्हणजे दादाच्या वडिलांनी, थोडी जमीन केली. आमच्या भागात प्रवरेचं पाणी आणि उसाचा पैसा ही जुनी गोष्ट. लोणीचा सहकारी साखर कारखाना 1950 चा, विठ्ठलराव विखे पाटलांनी उभा केलेला, धनंजयराव गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. पण दादाच्या हातात पैसा आला तो उसातून नाही, डाळिंबातून. लागोपाठ चार वर्षं भगवा डाळिंबाला असा काही भाव मिळाला की गावात बोलेरोंची रांग लागली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची होस्टेलची फी दादानं भरली होती. रोख. नोटांना शेतातल्या औषधाचा वास येत होता.

त्याच पैशात त्यानं बंगला बांधला. गेटवर दोन सिंह, समोर निळी काच, चकचकीत टाइल्स, वर सोनेरी रंगाचं रेलिंग. आर्किटेक्ट नव्हता, इंटरनेटवरून काढलेलं 'एलिव्हेशन' होतं. धाकट्या बहिणीचं लग्न दारातच केलं. चार हजार पान उठलं असं सगळे सांगतात, मोजलं कुणी ते मला माहीत नाही. मी मैत्रिणींना घेऊन गेले होते आणि 'हे आमचं गावचं घर' म्हणून प्रत्येकीचा सिंहांपुढे फोटो काढला होता.

त्या रात्री हात धुवायला म्हणून मी घराच्या मागे निघाले, तर मंडपवाल्या काकांनी अडवलं. 'ताई, पुढून काय बघायचं ते बघा. मागं नका जाऊ, मागं आमचा पडदा हाय.' मी गेलेच. पडदा सरकवला तर मागची भिंत नुसत्या विटांची, गिलावाच नाही. वरच्या मजल्यावर खिडक्यांच्या जागी चौकटी, त्यात पोती. 'पैसा पुढं संपला,' काका म्हणाले. आणि जराही न हसता पुढे म्हणाले, 'पण पुढचं काम एक नंबर केलंय हां. काच अस्सल हाय.'

आता सांगा, चष्मेवाला पाहुणा याहून वेगळं काय बोलला होता?

या कादंबऱ्यांबद्दल आपण शाळेपासून एक ठरलेलं उत्तर लिहीत आलोय: श्रीमंती हा भ्रम आहे, पैशानं सुख मिळत नाही, इत्यादी. पाच मार्क. मला ते उत्तर आता पटत नाही. गॅट्सबीची पुस्तकं भ्रम नव्हती आणि दादाची काचही नव्हती. ती ज्यांना दाखवायची होती ते लोक पाहतायत, हा भ्रम होता. दादाच्या बंगल्याचं जोतं वाड्याच्या जोत्यापेक्षा वीतभर उंच आहे. गवंड्याला त्यानं टेप लावून माप घ्यायला लावलं होतं, हे मला वहिनीनं सांगितलं. बंगल्याचं तोंड पूर्वेला असायला हवं होतं, ते त्यानं वाड्याकडे केलं, वास्तुशास्त्र गेलं उडत. आणि वाडा? वाड्याला केव्हाचं कुलूप. वारस पुण्यात फ्लॅटमध्ये. लग्नाची पत्रिका दादानं स्वतः नेऊन दिली होती. ते आले नाहीत. मुद्दाम नाही, त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

मराठी कादंबरीला श्रीमंतीचं वेड तिच्या जन्मापासूनचं, हे अनेकांना माहीत नसतं. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नाव बघा, मोत्यांची माळ! (माझ्या दीडशेवाल्या माळेची पणजीच.) त्याच दशकात नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' आली. राजपुत्र, राजकन्या, ऐश्वर्य, अद्भुत योगायोग. रिसबुडांनी प्रस्तावनेत दिलेलं कारण मात्र फार खरं आहे. आपल्या लोकांची लग्नं लहानपणीच लागतात, आयुष्य बेचव, रोज जे घडतं ते लिहिलं तर त्यात रंजक ते काय निघणार, अशा अर्थाचं ते म्हणतात. दिवसभर साधी नोकरी करून आलेल्या माणसाला रात्री महाल हवा, हे या गृहस्थांना दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कळलेलं. आपल्या थीम पार्टीचा शोध एचआरनं लावलेला नाही.

आणि मराठीतला गॅट्सबी कुठे शोधायचा तर मी 'गारंबीचा बापू'कडे बोट दाखवीन. श्री. ना. पेंडशांची कादंबरी, 1952 ची. खोताच्या घरी राबणाऱ्या विठोबाचा मुलगा, दुसऱ्याच्या बायकोवर, राधेवर, जीव जडलेला, आणि पुढे धंद्यात पैसा करून गावाच्या नाकावर टिच्चून उभा राहिलेला. सांगाडा जवळजवळ तोच. फरक असा की बापू खोतासारखा दिसायला जात नाही. बोलणं रांगडंच ठेवतो, नाव बदलत नाही, आणि राधा ज्या गावात बदनाम झाली त्याच गावात तिच्याबरोबर राहतो. गारंबीला त्याच्याकडे बघावंच लागतं, कारण गारंबी लहान आहे. गॅट्सबीचं गाव त्या मानानं फार मोठं होतं. दादाचं गाव लहान, पण ज्या घराकडे तोंड करून त्यानं बांधलं, ते गावात उरलंच नव्हतं.

नगरला पोचल्यावर संध्याकाळी मी फराहबागेत गेले. लहानपणी सहलीला नेऊन दमवलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच. 1583 मध्ये पूर्ण झालेला हा निजामशाही महाल एका मोठ्या तलावाच्या मधोमध उभा. तलाव आता कोरडा, महालाची पडझड झालेली. पण पाणी होतं तेव्हा काय दिसत असेल! प्रतिबिंब धरलं तर महाल दुप्पट, आणि त्या दुपटीसाठी एक दगडही जास्त लागलेला नाही. मूर्तझा निजामशहा कारभाराकडे पाठ फिरवून इथे बुद्धिबळ खेळत बसायचा म्हणतात. 1588 मध्ये त्याच्या मुलानंच त्याला तापवलेल्या हमामखान्यात कोंडून मारलं. तेव्हा पहाऱ्यावरच्या तुकडीत एक तरुण अधिकारी होता, तो वाचला आणि पुढे इतिहासकार झाला. फिरिश्ता त्याचं नाव. गॅट्सबीही शेवटी पाण्यातच मरतो, स्वतःच्या पोहण्याच्या तलावात, गोळी लागून. आणि त्याचीही गोष्ट सांगायला शेजारचा एक तरुण मागे उरतो, निक नावाचा. ओढूनताणून जुळवतेय असं वाटेल तुम्हाला. वाटू दे, त्या ओट्यावर बसल्यावर मलाही तसंच वाटलं होतं.

प्रतीकांची आमच्या शहराला तशी कमी नाही. पाथर्डी रस्त्यावरच्या डोंगरावर दिसणाऱ्या तीनमजली इमारतीला सगळे चांदबिबीचा महाल म्हणतात, ती आहे सलाबतखानाची कबर. खुद्द चांदबिबीनं मोगलांच्या वेढ्यात दारूगोळा संपल्यावर तोफांत तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी भरून डागली, अशी दंतकथा सांगतात. खरी-खोटी देव जाणे, पण डोक्यात घोळत राहते. तोफेच्या तोंडी सगळी नाणी सारखीच, फक्त वजन. आणि आमच्या जवळ्याच्या रंगनाथ पठाऱ्यांनी तर एका धातूच्या पत्र्याचंच नाव कादंबरीला दिलं. 'ताम्रपट', 1999 चा साहित्य अकादमी पुरस्कार. पूर्वी राजे जमिनी द्यायचे त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून. 1972 मध्ये स्वातंत्र्याच्या पंचविशीला स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले ते सन्मान म्हणून, सोबत जमीन नाही. संगमनेरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसानं धातूला हात घालावा, हे मला फार आवडतं.

असो. मी हे सगळं का लिहितेय ते अजून सांगितलंच नाही. टाळत होते.

लग्नानंतर दोन वर्षांत डाळिंबावर तेल्या आला. फळावर आधी तेलकट डाग, मग ते तडकतं. औषधावर औषध मारून दादानं एक हंगाम काढला, दुसऱ्या वर्षी बाग उपटून बांधावर टाकली. गाडी गेली, सोसायटीचं कर्ज राहिलं. आणि गेल्या वर्षी पावसाळ्यात तात्या गेले. दहावा पुणतांब्याला, गोदावरीच्या काठी. मी गेले नाही. आमचं रिलीज होतं. म्हणजे होतंच, खोटं नाही, पण माझ्या शेजारचा मुलगा त्याच आठवड्यात चुलत सासऱ्यांच्या दहाव्याला जाऊन आला. त्याला कुणी काही म्हटलं नाही.

आई सांगत होती, पाऊस होता, चाळीसएक माणसं असतील. ज्या घरच्या लग्नात चार हजार पान उठलं, त्या घरी चाळीस. पण मंडपवाले काका आले होते. लग्नाचे थोडे पैसे अजून द्यायचे राहिलेत, म्हणून आले असतील असं आधी सगळ्यांना वाटलं. ते टेम्पोतून पन्नास खुर्च्या आणि एक ताडपत्री घेऊन आले, मांडून दिली, कोपऱ्यात बसले. भाड्याचं नाव काढलं नाही.

गॅट्सबीच्या अंत्यविधीलाही पाऊसच असतो. पाहुण्यांपैकी एक जण येतो, तोच तो जाड चष्मेवाला, ज्यानं पुस्तकं उघडून पाहिली होती. बाकी निक, नोकरचाकर, पोस्टमन, आणि गावाकडून आलेले गॅट्सबीचे वडील. त्यांच्या खिशात मुलाच्या महालाचा एक फोटो, हाताळून हाताळून कोपरे झिजलेला. महालात उभे राहून ते सगळ्यांना तो फोटोच दाखवत राहतात. तात्यांच्या पाकिटातही बंगल्याचा फोटो होता. समोरून काढलेला.

आणि एक पाहुणा फोन करतो. आठवडे न् आठवडे गॅट्सबीच्या घरी फुकट राहिलेला. निकला वाटतं, अंत्यविधीची वेळ विचारायला केला असेल. त्याला हवे असतात त्याचे टेनिसचे बूट, तिथे राहिलेले. ते पाठवायची काही सोय होईल का, असं तो विचारतो.

वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये हे पान आलं आणि मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. तात्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा मी दादाला फोन केला होता. आधी दोन मिनिटं जे बोलायचं असतं ते बोलले. मग विचारलं, 'दादा, माझी ट्रेकिंगची सॅक तुमच्याकडे राहिलीये का रे? माळ्यावर बघशील?' दादा म्हणाला, बघतो. पुढच्या आठवड्यात कुणीतरी पुण्याला येणाऱ्याच्या हाती पाठवतो म्हणाला. मी थँक यू म्हणाले. त्याला, थँक यू.

रविवारी सकाळी नगरहून राहात्याची बस पकडली. दादा घरीच होता. आता दुसऱ्याचं शेत वाट्यानं करतो, सोयाबीन आणि थोडा कांदा. सिंहांपैकी एकाचा कान तुटलाय, निळी काच तशीच आहे, आणि वाड्याचं कुलूपही. मागे जाऊन पाहिलं, विटाच आहेत अजून. वहिनीनं त्या विटांच्या फटींत खिळे ठोकून कपडे वाळत घालायची दोरी बांधली होती.

सॅक काढून ठेवलेली होती, झटकून. मी ती घ्यायला आले नाही, असं म्हणायचं होतं, पण हातात घेतलीच. दादाला माझ्या पर्समधलं पुस्तक दिसलं. कशावर आहे, म्हणाला. मी सगळी गोष्ट सांगितली, त्या पोराच्या टाइमटेबलासकट: गॅट्सबीनं लहानपणी एका पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेलं, सहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, आणि आठवड्याला पाच डॉलर शिल्लक टाकायचे. मग पाच खोडून तीन केलेले. तिथे दादा हसला. 'पाच जमत नाही कुणाला,' म्हणाला.

मग बराच वेळ गप्प बसून त्यानं विचारलं, 'आणि त्या घराचं काय झालं पुढं?'

रिकामंच राहिलं, मी सांगितलं. कुणा पोरानं विटेच्या तुकड्यानं पांढऱ्या पायरीवर शिवी लिहून ठेवलेली. निक निघायच्या आदल्या रात्री जातो आणि बूट घासून ती पुसून टाकतो.

'त्याचा काय संबंध? त्याचं घर थोडंच होतं.'

'नाही. शेजारी होता.'

'बरा होता शेजारी,' दादा म्हणाला, आणि वहिनीला हाक मारून चहा टाकायला सांगितला.